तिसरी ओळ वाकडी

माझा उजवा डोळा शोभेचा आहे, कामाचा डावा. उजव्याने मला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो, आणि बोरिवलीत दिवे फारसे जात नसल्यामुळे त्या कौशल्याचा उपयोग करायची संधीही क्वचितच मिळते.

हे कळलं की लोक आधी बोटं दाखवतात. शिकलेली, नोकरी करणारी, एरवी शहाणी माणसं माझ्या नाकासमोर पंजा धरून विचारतात, "किती?" आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका तर मी बालवाडीत असल्यापासून जिन्यात भेटतील तिथे बोटं दाखवत आलेत. ते नेहमी तीनच दाखवतात, त्यामुळे मी न बघताच तीन म्हणते आणि ते समाधानाने वर जातात. दहावीत असताना एकदा माझं डोकं फिरलं होतं, तेव्हा मी उलट त्यांनाच एक बोट दाखवलं. ते त्यांना बरोबर मोजता आलं. आईने मला धपाटा घातला, पण घालताना तिचं तोंड भिंतीकडे होतं आणि खांदे हलत होते.

आजाराचं नाव फॅमिलिअल एक्झुडेटिव्ह विट्रिओरेटिनोपॅथी. शाळेच्या फॉर्मवर "आजार असल्यास" याच्यापुढे दोन बोटं रिकामी जागा असायची आणि बाबा त्या जागेत हे अख्खं नाव बसवायचे. ते ड्राफ्ट्समन. अंधेरीच्या एका कंपनीत यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं काढण्यात त्यांचा जन्म गेला. मुंगीच्या आकाराची, एका उंचीची, एका रेषेतली अक्षरं. शाळेतल्या बाई ते भिंगातून वाचायच्या आणि मग मला पहिल्या बाकावर बसवायच्या.

नाव सोडलं तर प्रकार समजायला सोपा आहे. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला पडदा असतो. त्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या मूल पोटात असतानाच पडद्याच्या कडेपर्यंत पोचायला हव्यात. माझ्या अर्ध्या वाटेतच टेकल्या. मग ज्या भागाला रक्त मिळत नाही तिथे भलत्याच नाजूक वाहिन्या फुटतात, गळतात आणि पडद्याला ओढत बसतात. उजव्या डोळ्यात हा कार्यक्रम मी चार वर्षांची होईपर्यंत गुपचूप उरकला होता. तो उघडकीला आला मी डोळा मारायला शिकत होते म्हणून. उजवा मिटला तर आई दिसायची, डावा मिटला तर आई गायब. मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं, म्हणून मी तो खेळ आईला मोठ्या कौतुकाने करून दाखवला.

अंधेरीच्या डॉक्टरबाईंनी उजव्याची आशा सोडा म्हणून स्पष्ट सांगितलं. डाव्याला त्यांनी कडेकडेने लेझर मारून घेतला, गोधडीचे काठ उसवू नयेत म्हणून टाके घालतात तसा. आणि म्हणाल्या, दर सहा महिन्यांनी यायचं. बाबांनी विचारलं, किती वर्षं? बाई म्हणाल्या, जितकी वर्षं ही बघणार असेल तितकी.

त्या नावातल्या "फॅमिलिअल" या शब्दाने आमच्या घरात युद्ध पेटवलं. घराण्यातून येतो म्हणजे कोणाच्या घराण्यातून? बाबांची आई तेव्हा आमच्याकडेच असायची. आजोबा गिरणीत होते तोवर ती परळला होती, पण बोलणं कायम मालवणचं. तिने निकाल तासाभरात दिला. "माझ्या झिलाचे डोळे बरे आसत. ह्या हिच्या माहेरसून इला." शिवाय आईने पोटुशी असताना ग्रहणात भेंडी चिरली होती, हा पुरावा. आईने जुनं पंचांग शोधून काढून त्या नऊ महिन्यांत मुंबईतून दिसणारं एकही ग्रहण नव्हतं हे सिद्ध केलं. आजी म्हणाली, पंचांग पुण्याचं आहे.

शेवटी डॉक्टरबाईंनी दोन्ही बाजूंच्या मंडळींना तपासायला बोलावलं. सगळ्यांच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घातले, आणि आमचं खानदान काळे चष्मे लावून बाकावर ओळीने बसलं. आईच्या माहेरचे सगळे सुटले. आजीही सुटली. बाबांच्या दोन्ही डोळ्यांच्या कडांना तोच आजार होता, अगदी थोडा, त्रास न देणारा. तो आजोबांकडून आला असावा, पण ते तपासाच्या पलीकडे गेले होते. त्या डोळ्यांनी वीस वर्षं सरळ रेषा मारून पोट भरणाऱ्या माणसाला याचा पत्ताही नव्हता. आजी तीन दिवस गप्प होती. चौथ्या दिवशी तिने ग्रहण मागे घेतलं आणि कोणाची तरी दृष्ट लागली असं जाहीर केलं.

बाबा त्या दिवशी घरी येऊन त्यांच्या ड्रॉइंग बोर्डासमोर बसले ते उठेचनात. आई ताट वाढून बोलवायला गेली तेव्हा ते बोर्डाकडे बघतच म्हणाले, "माझ्यामुळे झालं." आई म्हणाली, "जेवून घ्या." या विषयावर आमच्या घरात झालेलं हे सगळ्यात मोठं संभाषण. त्यानंतर माझी एकही तारीख बाबांनी चुकवली नाही. स्वतःची मात्र एकही पाळली नाही. मला काय धाड भरलीय, म्हणायचे.

मी नऊ वर्षांची झाल्यावर डॉक्टरबाईंनी एक कार्ड दिलं. त्यावर वहीच्या पानासारखे छोटे चौकोन आणि मधोमध एक ठिपका. रोज एका डोळ्याने ठिपक्याकडे बघायचं. आजूबाजूची एखादी रेघ वाकडी, फुगलेली किंवा पुसट दिसली तर पडद्याखाली काहीतरी गळतंय असं समजायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सहा महिन्यांची वाट बघायची नाही, दुसऱ्या दिवसाचीही नाही. हे त्यांनी आम्हा तिघांकडून पाठ म्हणवून घेतलं.

बाबांनी कार्ड फ्रिजवर लावलं. दिवाळीत आजीला त्यावरचे चौकोन फार आवडले आणि तिने बॉलपेनने त्यात रांगोळीची नक्षी काढून ठेवली. कमळ होतं, छान होतं. कार्ड गेलं. आईने फार विचार केला नाही. ओट्यामागच्या भिंतीला पांढऱ्या चार इंची टाइल्स होत्या, त्यांच्या रेघा उभ्याआडव्या होत्याच. तिने कपाळावरची टिकली काढली आणि माझ्या डोळ्याच्या उंचीवर भिंतीला चिकटवली. झाला ठिपका. डॉक्टरबाईंना आम्ही हे भीतभीत सांगितलं तर त्या म्हणाल्या, कार्डापेक्षा बरं, भिंत हरवत नाही.

मग हे रोजचंच झालं. सकाळी चहाचं आधण ठेवलं की आई हाक मारणार. मी दात घासून ओट्यापाशी हातभर अंतरावर उभी राहणार. आई माझ्या उजव्या डोळ्यावर स्टीलची वाटी धरणार. त्या डोळ्याला दिसत नव्हतं तरी वाटी लागायचीच, एकदा रीत म्हटली की रीत. मग ती विचारणार, "ओळी?" आणि मी म्हणणार, "सगळ्या सरळ." त्यानंतरच चहात साखर पडायची. दर वाढदिवसाला टिकली थोडी वर सरकायची. इतर मुलांची उंची दारावर पेन्सिलने लिहितात, माझी आईच्या मरून टिकल्यांनी मोजली जायची.

मी बारावीत गेले आणि आमची इमारत पुनर्विकासाला गेली. आजी त्याच्या आदल्या वर्षीच गेली होती, इमारत पाडताना बघायचं तिच्या नशिबात नव्हतं हे बरंच झालं. आम्ही बोरिवलीतच पश्चिमेला एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये सामान टाकलं. पहिल्या दिवशी आईने नव्या ओट्यामागे टिकली लावली, वाटी धरली आणि विचारलं, ओळी? मी म्हणाले, तिसरी वाकडी आहे.

आईच्या हातातली वाटी पडली. बाबा अर्धी दाढी तशीच ठेवून आले, मला बाजूला सारून स्वतः बघितलं, मग पेटीतून ओळंबा आणि स्पिरिट लेव्हल काढली. ओट्यापासून वर मोजत तिसरी ओळ खरंच वाकडी होती. ज्या कोणी ती लावली होती त्याने डावीकडून सरळ सुरुवात केली होती आणि खिडकीपर्यंत जाता जाता त्याचा विचार बदलला होता. आईने देवाला हात जोडले. बाबा मात्र अस्वस्थ झाले. त्यांना वाकडी रेघ सहन होत नाही. लग्नाच्या हॉलमधला फलक तिरका असेल तर ते अक्षता टाकायच्या आधी तो सरळ करून येतात. ज्या भिंतीवर मुलीचा डोळा तपासायचा तीच भिंत खोटी, हे त्यांच्या पचनी पडेना. त्यांनी घरमालकाशी तीन आठवडे हुज्जत घातली, तेवढी एक ओळ काढून स्वखर्चाने नीट लावायची परवानगी मिळवली आणि एक मिस्त्री ठरवला. मिस्त्री रविवारी येतो म्हणाला. कुठला रविवार ते त्याने सांगितलं नव्हतं.

तो येईपर्यंत उत्तर बदललं. आई विचारायची, "ओळी?" आणि मी म्हणायचे, "तिसरी वाकडी, बाकी सरळ." सुरुवातीला जीभ अडखळायची, कारण आठ-नऊ वर्षांची सवय होती. मग तेही पाठ झालं. मिस्त्रीचे रविवार येत राहिले, मिस्त्री आला नाही. मी बारावी होऊन पार्ल्याच्या कॉलेजात गेले तरी तो आला नाही.

कॉलेजात मी एकांकिकेत शिरले. माझी भूमिका शेजारीण नंबर दोन. वाक्यं दोन. एक, "अगं बाई, खरं की काय?" आणि दुसरं, "मला मेलीला काय ठाऊक?" ही दोन वाक्यं मी दोन महिने म्हणत होते. आरशासमोर, रिक्षात, अंघोळ करताना. आमचा दिग्दर्शक तिसऱ्या वर्षाचा होता आणि सिगारेट न ओढताही ओढल्यासारखा उभा राहायचा. तो म्हणायचा, तुझ्या त्या दुसऱ्या वाक्यावर नाटक फिरतं यार. मला ते खरं वाटायचं. आमची एकांकिका अंतिम फेरीत गेली. फेरी रविवारी होती.

त्या आठवड्यात सोमवारी सकाळी मी ओट्यापाशी उभी राहिले. तिसरी ओळ नेहमीसारखी वाकडी होती. पण टिकलीच्या उजवीकडची उभी रेघ मध्ये फुगली होती, दुधाच्या पिशवीला पोट येतं तशी. मी पापणी मिचकावली. पोट तिथेच. मी नजर शेजारच्या टाइलवर नेली, नजरेबरोबर पोटही तिकडे सरकलं.

मला काय झालंय ते मला त्याच क्षणी कळलं. कळलं नाही असं मी नंतर पुष्कळांना सांगितलं, ते खोटं होतं. आईने विचारलं, ओळी? आणि मी म्हणाले, "तिसरी वाकडी, बाकी सरळ." माझ्याकडे असलेला एकमेव डोळा मी दोन वाक्यांसाठी पणाला लावला, आणि त्यातलं एक होतं "मला मेलीला काय ठाऊक?"

मनात हिशेब सोपा होता. आज सांगितलं तर आज दवाखाना, मग लेझर, मग पडून राहा, मान हलवू नका, पळू नका. रविवारी संध्याकाळी सांगितलं तर हेच सगळं होईल, फक्त नाटक होऊन. सहा दिवसांनी काय होतंय? मंगळवारी पोट थोडं मोठं झालं. बुधवारी टिकलीच पुसट झाली. मी रोज घोकून तेच उत्तर देत होते आणि आई रोज साखर घालत होती. मला भीती इतकी वाटत होती की गुरुवारी मी भिंतीकडे बघितलंच नाही. ओट्यापाशी उभी राहिले, वाटी आल्यावर डावा डोळाही मिटून घेतला, आणि आईने विचारल्यावर तोंडातून जुनं उत्तर गेलं.

"सगळ्या सरळ."

चहा उतू जाण्याच्या बेतात होता, आईने गॅस बंद केला. वाटी खाली ठेवली.

"तिसरी?" ती म्हणाली.

मी डोळा उघडला. तिसरी म्हणजे काय हेच मला दोन क्षण आठवेना. मग मी म्हणाले, वाकडी. पण तोवर आईचा चेहरा बदलला होता.

"कधीपासून?"

"रविवारी फायनल आहे, आई."

"कधीपासून गं?"

"सोमवारपासून."

मला वाटलं ती मारेल. तिने मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने पदर खोचला, बाबांना हाक मारली, आणि माझ्या पायात चपला सरकवल्या, मी चार वर्षांची असल्यासारख्या. चहा तसाच पातेल्यात राहिला.

डॉक्टरबाई तपासताना गुणगुणतात, अशी त्यांची सवय आहे. वर बघ, खाली बघ, डाव्या खांद्याकडे बघ, आणि मध्ये जुन्या गाण्याची ओळ. त्या दिवशी त्यांनी डोळ्यात बघायला सुरुवात केली आणि गाणं थांबलं. पडद्याखाली पाणी झिरपून मधल्या भागापर्यंत आलं होतं, जिथून आपण वाचतो आणि माणसांची तोंडं ओळखतो त्या भागापर्यंत. दुपारच्या आत इंजेक्शन झालं, दोन दिवसांनी पुन्हा लेझर. मी बाईंना विचारलं, रविवारपर्यंत थांबले असते तर? त्या म्हणाल्या, "तर रविवारी तू मला हा प्रश्न विचारायला आली असतीस आणि मी तुला उत्तर दिलं नसतं." मग त्यांनी मला दहा मिनिटं झापलं. त्या सगळ्याला मी पात्र होते.

एकांकिका झाली. माझी दोन्ही वाक्यं कपडे सांभाळणाऱ्या मुलीने म्हटली. नाटक फिरायचं होतं तिथे फिरलं, आणि उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. दिग्दर्शकाने मला फोनवर सांगितलं की काही जाणवलंच नाही.

घरी मी आठवडाभर पडून होते. इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी बाबा स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेले मला दारातून दिसले. ते तिसऱ्या ओळीकडे बघत होते. ज्या ओळीसाठी त्यांनी घरमालकाचं डोकं खाल्लं, मिस्त्रीला पन्नास फोन केले, ती जर वेळेत सरळ झाली असती तर गुरुवारी माझं "सगळ्या सरळ" आईला खरं वाटलं असतं आणि तिने चहात साखर घातली असती. त्यांनी हे स्वतःशी किती वेळा म्हटलं मला माहीत नाही. त्या संध्याकाळी त्यांनी मिस्त्रीला एक्कावन्नावा फोन केला आणि येऊ नको म्हणून सांगितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मिस्त्रीने लगेच फोन उचलला. आणि पुढच्या सोमवारी बाबा कोणी न सांगता डॉक्टरबाईंकडे गेले, स्वतःच्या डोळ्यांत थेंब घालून घेतले आणि मुकाट्याने सहा महिन्यांची तारीख घेऊन आले.

माझा डोळा राहिला. टिकलीच्या उजवीकडे एक बारीक सुरकुती कायमची उरली, तिच्यासकट मी वाचते, ऑफिसात काम करते, रस्ता ओलांडते. मला तो डोळा फार प्रिय आहे. एरवी मी अशी वाक्यं बोलत नाही.

गेल्या वर्षी नवी इमारत उभी राहिली. चौदावा मजला, लिफ्ट, आणि स्वयंपाकघरात टाइल्स लावायला आलेला मिस्त्री आपल्या कामाचा अभिमानी. त्याच्याकडे भिंतीवर लाल रेघ पाडणारं यंत्र होतं. त्याने पहिल्या दोन ओळी लावल्या, बाबांनी लेव्हल ठेवून पाहिली, बुडबुडा अगदी मधोमध. बाबा म्हणाले, छान. आता तिसरी वाकडी लाव.

मिस्त्रीला वाटलं साहेबांची मस्करी चाललीय. मग वाटलं काहीतरी वास्तुशास्त्राचं असेल. मग तो रागावला. "साब, टेढ़ा लगाऊँगा तो मेरा नाम खराब होगा," असं म्हणून त्याने थापी खाली ठेवली. आईने त्याला चहा दिला. बाबांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांचं हिंदी अशा वेळी धड चालत नाही. शेवटी त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. पट्टी घेतली नाही. माझ्या बाबांनी आयुष्यात कधी पट्टीशिवाय रेघ मारलेली मी पाहिली नव्हती. त्यांनी भिंतीवर डावीकडून खिडकीपर्यंत मोकळ्या हाताने एक तिरकी रेघ काढली. मिस्त्रीने ती रेघ बघितली, बाबांकडे बघितलं, आणि कोणी लावली ते कुणाला सांगायचं नाही या अटीवर तिसरी ओळ तशी लावून दिली.

वास्तुशांतीला सोसायटीतले सगळे आले. सेक्रेटरी काकांनी दारातच मला तीन बोटं दाखवली, मी तीन म्हणाले. मग ते घर बघत बघत स्वयंपाकघरात गेले आणि तिथून मोठ्याने ओरडले की ही बघा बिल्डरने कशी वाट लावलीय, तिसरी ओळ साफ वाकडी आहे, आजच लेखी तक्रार करा, मी सही करतो.

बाबा हातात प्रसादाचा द्रोण घेऊन उभे होते.

"राहू दे," ते म्हणाले. "ती मी काढलीय, मुलीसाठी."

काकांना काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने नव्या ओट्यावर आधण ठेवलं आणि आम्हा दोघांना हाक मारली. आधी माझा नंबर, मग बाबांचा. वाटी तीच जुनी आहे. मी टिकलीकडे बघितलं आणि म्हणाले, तिसरी वाकडी, सुरकुती जुनीच, बाकी सरळ. मग बाबा पुढे झाले, आईने वाटी धरली, आणि सगळा जन्म रेघा सरळ करण्यात घालवलेल्या माणसाने नीट, सावकाश बघून सांगितलं, तिसरी वाकडी आहे.